पप्पांच्या डोक्यावरचा संगमरवर

आमच्या चर्चमध्ये आईला सगळे प्रेमळ बाई म्हणतात. ऐकलं की मला हसू फुटतं, आणि मग चीडही येते. आजवर तीन पाळक बदलले, तिघांनीही तिचं उदाहरण प्रवचनात दिलं. "आपल्या मंडळीत एक वृद्ध भगिनी आहे, जिचं एका माणसाशी ना नातं ना गोतं, आणि तरी ती भगिनी दरवर्षी त्या माणसाच्या बायकोची कबर धुते." एवढं बोलून पाळकसाहेब आईच्या बाकाकडं बघायचे. आई मान खाली घालायची. लोकांना वाटायचं नम्रपणा. मी शेजारी बसलेली असायचे, मला ठाऊक होतं की ती हसू दाबतेय.

कारण त्या कबरीत खाली माझे पप्पा आहेत.

नीट सांगते. पप्पा सातपूरला एका कारखान्यात टर्नर होते. मी बारावीला असताना गेले, हार्ट अटॅकनं, दुसऱ्या पाळीवरून घरी येऊन चपला काढता काढता. चर्चच्या दफनभूमीत चाफ्याच्या झाडाखाली त्यांना जागा मिळाली. आईला तेवढाच आनंद, की सावली आहे. कबर पक्की बांधणं तेव्हा आम्हाला झेपण्यातलं नव्हतं. मातीचा ढिगारा, भोवती विटा, आणि डोक्याशी क्रूस. तो क्रूस मात्र असा की अख्ख्या दफनभूमीत तसा दुसरा नव्हता. पप्पांच्या खात्यातल्या माणसांनी पाळी संपल्यावर थांबून, शाफ्टचे तुकडे जोडून, वेल्डिंग करून तो बनवला होता. त्यातला एकही माणूस ख्रिस्ती नव्हता. टेम्पोतून आणला, स्वतः खड्डा करून रोवला आणि डोक्यावरच्या टोप्या काढून उभे राहिले. त्यांच्यातला एक आईला म्हणाला, "वहिनी, हा गंजेल पण मोडायचा नाही."

आमच्यात ईस्टरच्या आदल्या दिवशी कबरी धुवायची पद्धत आहे. शनिवारी सगळी मंडळी बादल्या, झाडू, काथ्या घेऊन दफनभूमीत जातात. गवत काढतात, पक्क्या कबरी घासतात, कच्च्यांवर माती ओढतात, फुलं ठेवतात. रविवारी पहाटे तिथंच मेणबत्त्या लावून पुनरुत्थानाची भक्ती होते. मी लग्न होऊन देवळाली कॅम्पला गेले, तरी हा शनिवार कधी चुकवला नाही. माझी मुलगी पहिलीत होती त्या वर्षी मी आणि आई बादली घेऊन चाफ्याखाली गेलो, तर तिथं पप्पा नव्हते.

म्हणजे तिथं पांढरीशुभ्र संगमरवरी कबर होती. चर्च कमिटीच्या सेक्रेटरी साहेबांच्या बायकोचं नाव कोरलेलं. ती बिचारी पावसाळ्यात गेली होती, आम्हीही मातीला गेलो होतो. पण पाऊस एवढा होता की आम्ही फाटकाजवळच्या शेडमध्येच छत्र्या धरून उभे होतो. गर्दीतून कुठं खड्डा खणलाय ते दिसलंच नाही. आई चाफ्याकडं बघत राहिली. पुन्हा पुन्हा झाड बघायची, भिंत बघायची, जणू झाडच चुकीच्या ठिकाणी आलंय. मी अवजारांच्या खोलीमागं गेले. तिथं फुटक्या कुंड्या आणि तुटक्या खुर्च्यांच्या ढिगात पप्पांचा क्रूस पडला होता.

साहेब तेव्हा फाटकाशीच होते. कोट घातलेला, हातात फुलं. दफनभूमीचा सगळा कारभार त्यांच्याच हातात. आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, इथं माझे मालक होते."

त्यांनी तिच्याकडं नीट पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "बाई, कच्च्या कबरीची मुदत संपली की जागा दुसऱ्याला देतात, नियम आहे. आणि देह म्हणजे माती. आत्मा प्रभूकडं गेला. विश्वासणाऱ्या माणसानं मातीसाठी भांडू नये."

असं म्हणून ते आपल्या बायकोच्या मातीवर बसवलेला संगमरवर रुमालानं पुसायला गेले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनं माझा दंड असा दाबला की आठवडाभर वळ होता. क्रूस उचलून आम्ही रिक्षात घातला आणि घरी आणला. तो अजून तिच्या गॅलरीत आहे, मनीप्लँट चढलाय त्याच्यावर.

त्या रात्री मी तिला म्हटलं, कमिटीकडं जाऊ, बिशपसाहेबांकडं जाऊ, वकील करू. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "कमिटी म्हणजे तोच. बिशपसाहेब येतात ते जेवायला त्याच्याच घरी. तू गप बस. मी बघते."

आणि तिनं बघितलं! आई मूळची नामपूरची. कांद्याच्या मार्केटात दलालांशी भांडून मोठी झालेली बाई. तिनं जो डूख धरला तो नागिणीलाही जमला नसता.

पुढच्या वर्षी शनिवारी ती उजाडायच्या आत दफनभूमीत हजर. बादली, काथ्या, सोडा. साहेब कोट घालून फुलं घेऊन आले, तर आई त्यांच्या बायकोच्या कबरीवर गुडघे टेकून संगमरवर घासत होती. त्यांना काही कळेना. बाकीचे लोक थांबून बघायला लागले. कोणीतरी म्हणालं, "बघा, किती प्रेम!" आता एवढ्या लोकांदेखत साहेब काय म्हणणार, की उठा, माझ्या बायकोची कबर धुऊ नका? तोंडात मारल्यासारखे उभे राहिले. आईनं सावकाश धुतलं. मग पुसलं. मग पप्पांना आवडायची ती झेंडूची माळ बरोबर मधोमध ठेवली, जिथं छाती येईल तिथं. मग डोळे मिटून प्रार्थनेला बसली. ती प्रार्थना संपता संपेना. चाफ्याची सावली सगळी आईवर, आणि साहेब वाटेवर उन्हात, कोटात घामाघूम, हातातली फुलं कोमेजतायत.

घरी येताना आई स्कूटरवर माझ्यामागं बसून इतकी हसली की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. "पाहिलंस? नाकावर टिच्चून!" हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं, ते पदरानं पुसलं आणि परत हसायला लागली.

मग हे दरवर्षीचं झालं. साहेब लवकर यायला लागले की आई त्याहून लवकर. एका वर्षी त्यांनी आदल्याच संध्याकाळी येऊन कबर धुऊन ठेवली. आईनं शनिवारी ती पुन्हा धुतली. मी सुद्धा जायचे, पाणी भरून द्यायचे, आणि खरं सांगते, वर्षभरात दुसऱ्या कुठल्याही सणाला मला एवढा उत्साह नसायचा. शुभ शुक्रवारी तीन तासांच्या भक्तीत क्रुसावरचे शब्द चालू असायचे, क्षमा कर म्हणून, आणि माझ्या डोक्यात उद्या काथ्या नवा घ्यायचा की जुना चालेल. प्रभूला हे दिसत असणारच. दिसू दे, मी त्याच्यापासून कधी लपवलं नाही.

फक्त एक गोष्ट होती, जिच्यावर हसता येत नव्हतं. आईला शेवटी तिथंच जायचं होतं. "मला त्यांच्याजवळ टाक. दुसरीकडं कुठं टाकलंस तर तुझ्या स्वप्नात येऊन बसेन." पण संगमरवर साहेबांचा, म्हणजे कबर त्यांच्या घराण्याची. आमच्याकडं घरचं माणूस गेलं की काही वर्षांनी तीच कबर उघडून दुसऱ्याला आत ठेवतात. साहेबांनी बायकोच्या नावाखाली अर्धी फरशी स्वतःसाठी कोरी ठेवली होती. ते त्यात गेले की कबर पुन्हा बंद, आणि मग आई गेली तरी ती तिच्यासाठी उघडणार नाही.

त्यामुळं माझी मोठी पंचाईत झाली. साहेबांना लकवा झाला, डावी बाजू गेली. रविवारी आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत त्यांचं नाव यायला लागलं. एरवी मी आमेन म्हटलं नसतं. पण ते आईच्या आधी गेले तर जागा गेली! म्हणून मी अगदी कळवळून प्रार्थना करायला लागले, की प्रभू, ह्या माणसाला आयुष्य दे, ह्याला आत्ता नेऊ नकोस. पाळकबाईंनी मला डोळ्यांत पाणी आणून प्रार्थना करताना पाहिलं आणि महिला मंडळात सांगितलं, "आईचाच गुण घेतलाय पोरीनं."

आईचीही शुगर वरखाली व्हायला लागली होती. तिच्या पायांना सूज. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की ती आधी गेली तर पेटी दफनभूमीच्या फाटकात ठेवीन आणि चाफ्याखाली खड्डा खणल्याशिवाय हलणार नाही. तमाशा झाला तर होऊ दे.

असं चाललेलं असताना मागच्या वर्षी, शुभ शुक्रवारच्या आठवड्यात, पाळकबाई निरोप घेऊन आल्या. साहेबांना आईला भेटायचंय. त्यांना घरीच प्रभुभोजन देणार होते, आणि प्रभुभोजन घ्यायच्या आधी ज्याच्याशी काही बोलायचं राहिलंय त्याच्याशी बोलून घ्यायचं, ही आपली रीत. मला वाटलं, आला! शेवटी आला माफी मागायला! मी सातपूरला ऑफिसात होते, हाफ डे टाकून निघाले. वाटेत ॲक्टिव्हावर आईला सारखी पढवत होते. "लगेच विरघळायचं नाही. आधी जागा माग. सोडायचं नाही." ती मागं बसली होती, ईस्टरची पांढरी साडी आधीच नेसून.

साहेब पलंगावर उशांना टेकून बसले होते. भिंतीवर बायकोचा फोटो. सांभाळायला ठेवलेली एक मावशी, बाकी घरात कोणी नाही. मोठा मुलगा कॅनडात, धाकटा पुण्यात. मावशीनं चहा आणला. साहेबांनी उजव्या हातानं डावा हात उचलून धरला, दोन्ही एकत्र केले आणि आईला म्हणाले, "सलाम बाई. मला तुमचे आभार मानायचे होते."

आभार! मी आईकडं पाहिलं.

सावकाश, अडखळत, पण स्पष्ट बोलत होते. "ती गेल्यावर माझा विश्वास उडाला होता. कमिटी चालवायचो, हिशेब बघायचो, पण प्रार्थना येत नव्हती. कोणाला सांगितलं नाही. मग तुम्हाला बघितलं. माझी स्वतःची मुलं आईच्या कबरीवर येत नाहीत, आणि तुम्ही, ना नात्याच्या ना गोत्याच्या, गुडघे टेकून तिच्यासाठी प्रार्थना करता. वाटेवर उभा राहून मी पण करायला लागलो. तुम्ही उठेपर्यंत. तुमच्यामुळं माझी प्रार्थना परत आली बाई."

मला घेरीच यायची बाकी राहिली. एवढी वर्षं आम्ही ह्याला उन्हात उभं करून सूड घेत होतो, आणि हा तिथं उभा राहून तरत होता! आम्ही घातलेला प्रत्येक घाव ह्याला आशीर्वाद म्हणून लागला होता. आणि माफी? माफीचं नावसुद्धा नाही.

आईनं कप खाली ठेवला. चिडली की ती माहेरच्या अहिराणीवर जाते, इतक्या वर्षांत मी तिला चर्चच्या माणसापुढं तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"त्या फरशीखाले मना नवरा शे," ती म्हणाली.

साहेबांना कळलं नाही. मग तिनं साध्या भाषेत सांगितलं. चाफा, मातीचा ढिगारा, लोखंडी क्रूस, फाटकातलं बोलणं. ते ऐकत राहिले, कपाळाला आठ्या घालून, आठवायचा खरोखर प्रयत्न करत. शेवटी म्हणाले, "सातपूरला होते का ते? मला आठवत नाही हो."

"देह म्हणजे माती, असं म्हणाला होतात तुम्ही!" मी ओरडलेच. "माझ्या आईला! तिच्या तोंडावर!"

"असं म्हणालो मी?" ते म्हणाले. "म्हणालो असेन. बऱ्याच जणांना म्हणायचो."

पंधरा वर्षं मी ते वाक्य छातीत जपलं होतं. त्यांना ते खोटं वाटत नव्हतं की खरं, त्यांच्या लेखी ते काही नव्हतंच. मारावंसं वाटलं मला त्या पांगळ्या माणसाला, देवाशपथ.

मग त्यांनी आईला विचारलं, अगदी हळू, "म्हणजे तुम्ही तिच्यासाठी येत नव्हता?"

"एकदाही नाही," आई म्हणाली. "एकदाही तिचं नाव घेतलं नाही मी. तुम्हाला उन्हात उभं करायला यायची."

त्यांचा चेहरा मी बघितला. सांगायला हरकत नाही, मला गोड वाटलं. इतकी वर्षं जे बघायचं होतं ते तेव्हा दिसलं, आणि मी डोळे भरून बघून घेतलं. मावशी दारातून हलली आणि आत निघून गेली. साहेब फोटोकडं बघत होते. मग म्हणाले, "तुम्हाला काय हवंय?"

"मी मेले की मला तिथं ठेवायचं. मालकांजवळ."

"आणि मी?"

लहान पोरानं विचारावं तसं विचारलं त्यांनी. मी आईकडं बघत होते. विरघळली, आता विरघळली, असं वाटलं मला. आई म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा."

त्यांनी डोळे मिटले. मग मावशीला हाक मारून फोन मागितला, पाळकसाहेबांना लावायला सांगितला, आणि आमच्यासमोर म्हणाले, "पाळकसाहेब, चाफ्याखालची जागा ह्या बाईंची आहे. त्यांचे मालक तिथं आहेत. माझी चूक झाली होती. मला भिंतीकडं कुठंतरी द्या." पलीकडून पाळकसाहेब काहीबाही विचारत होते. साहेबांनी फोन मावशीच्या हातात दिला आणि भिंतीकडं तोंड केलं.

बाहेर आल्यावर मला नाचावंसं वाटत होतं. मी आईला म्हटलं, चल, मिसळ खाऊ, आज तुझी शुगर गेली खड्ड्यात. ती म्हणाली, "घरी चल." वाटेत पुन्हा पुन्हा एवढंच, "लगेच दिली गं त्यानं. भांडला पण नाही." मी म्हटलं, भांडायला तोंड होतं का त्याला? तर म्हणाली, "भांडला असता तर बरं झालं असतं."

ईस्टर झाला आणि पावसाळ्याच्या आधी साहेब गेले. धाकटा पुण्याहून आला, मोठा व्हिडिओ कॉलवर होता. धाकट्यानं विचारलं, वडलांना आईजवळ का नाही ठेवत? पाळकसाहेब म्हणाले, त्यांची तशी इच्छा होती. तो खांदे उडवून फोन धरून उभा राहिला. मागच्या भिंतीकडं, जिथून रस्त्यावरचा कचरा आत उडतो, तिथं त्यांना माती दिली. आईनं मूठभर माती टाकली. मी खिशात हात घालून उभी होते.

यंदाच्या शनिवारी आम्ही गेलो. आईच्यानं आता घासवत नाही, मी घासलं, ती चाफ्याला टेकून बसून सूचना करत होती. "कडेला घास, शेवाळ राहिलंय." माळ तिनं ठेवली, मधोमध. मग डोळे मिटले. पण दोन मिनिटांत उघडले आणि वाटेकडं बघायला लागली. वाट रिकामी होती. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. शेवटी म्हणाली, "चल, धर मला."

"कुठं?"

माझा दंड धरून, सुजलेले पाय ओढत, ती मागच्या भिंतीकडं निघाली. मला कळलं, ती कुठं निघालीय. साहेबांची कबर कच्चीच होती. पोरांनी अजून काही केलेलं नव्हतं. माती खचलेली, गवत माजलेलं, कोणाचं तरी प्लॅस्टिकचं ताट उडून येऊन पडलेलं. लाकडी क्रूस एका अंगाला कलला होता.

आई त्याच्यासमोर उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "बसा आता. कळू दे, एकटं कसं वाटतं ते." असं म्हणत तिनं पायानं ते ताट बाजूला सारलं. "दिवसभर ऊन आहे इथं. बरं झालं. खा ऊन." आणि क्रूस हातानं सरळ करायला लागली. तो सोडला की पुन्हा कलायचा. "मुलं कुठायत तुमची? बोलवा की," असं म्हणत तिनं पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "एक दगड आण गं, टेकू द्यायला."

"मी नाही आणणार," मी म्हटलं.

ती रागावली नाही. मग स्वतःच भिंतीशी पडलेल्या विटेसाठी वाकायला लागली, आणि तिचा तोल गेला. मी दोन्ही हातांनी तिची कंबर धरली. तिनं वीट ओढली, क्रुसाच्या बुडाशी लावली, माती दाबली, पुन्हा दाबली. तिला बराच वेळ लागला. ती पडू नये म्हणून मी धरून उभी होते, तेवढंच. त्या क्रुसाला मी अजून हात लावलेला नाही.